वाचक विचारतात : बेसबॉल कार्डांचं मोल कशावर ठरतं?

कोकणातल्या घरांत परदेशी वस्तूंचं नवल राहिलेलं नाही. कोणी बोटीवर, कोणी आखातात, कोणी न्यू जर्सीत. त्यांच्या ट्रंका माळ्यावर चढतात आणि वीस-पंचवीस वर्षांनी कोणीतरी त्या उघडतं. या महिन्यात आलेल्या पत्रांत बेसबॉल कार्डांबद्दलची पत्रं बरीच आहेत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याच्या खेळाचे आकडे, असा साधारण अडीच बाय साडेतीन इंचांचा पुठ्ठा म्हणजे बेसबॉल कार्ड. अमेरिकेत ही कार्डं आधी सिगारेटच्या पाकिटांतून आली, मग बबलगमसोबत, आणि आता बंद पाकिटांतून नुसती कार्डंच विकली जातात.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत १९८७ ते १९९२ या काळातली साधारण सहाशे कार्डं निघाली. सात-आठ पाकिटं तर फोडलेलीही नाहीत. पस्तीस वर्षं जुनी आहेत म्हणजे लाखांत जातील, असं शेजारचे म्हणतात. खरं काय? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लाखांत जाणार नाहीत. सहाशेतल्या बहुतेक कार्डांना गिऱ्हाईकच मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

कार्डाचं वय आणि कार्डाची किंमत यांचा थेट संबंध नाही. विचारायचं ते एवढंच : हे कार्ड चांगल्या अवस्थेत किती उरलं आहे आणि ते किती जणांना हवं आहे? १९५०च्या दशकातल्या अमेरिकी मुलांनी कार्डं सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफट आवाज काढला, रबरबँड लावून खिशात कोंबली, आणि मुलं मोठी झाल्यावर आयांनी ती फेकून दिली. म्हणून त्या काळातली धड कार्डं थोडी उरली. पुढे त्यांच्या किमती वाढल्याच्या बातम्या आल्या, आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्याने त्याने ‘पुढे किंमत येईल’ म्हणून कार्डं घेऊन जपून ठेवली. कंपन्यांनीही छपाई अफाट वाढवली. छापली भरपूर आणि फेकली कोणीच नाहीत, त्यामुळे आज ती ढिगाने आहेत. आपल्या मामांची कार्डं नेमकी याच काळातली आहेत.

तरीही ट्रंक तशीच बंद करू नका. आधी कार्डं वर्षाप्रमाणे लावा. वर्ष सापडत नसेल तर मागच्या तक्त्यातला शेवटचा हंगाम बघा. त्यात एक मिळवला की बहुधा कार्डाचं वर्ष येतं. मग कंपनीप्रमाणे (टॉप्स, फ्लीअर, अपर डेक वगैरे) आणि क्रमांकाप्रमाणे ढीग करा आणि ही चार कार्डं शोधा.

१९८९च्या अपर डेक संचातलं पहिल्या क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनिअर. हे कार्ड दुर्मीळ नाही. पीएसए या तपासणी कंपनीने याच्या चार हजारांहून अधिक प्रतींना दहापैकी दहा गुण दिले आहेत. पण त्या पिढीतल्या प्रत्येकाला ते हवं असतं, म्हणून आजही विकलं जातं. दुसरं, १९९०च्या टॉप्स संचातलं ४१४ क्रमांकाचं फ्रँक थॉमस. पुढच्या बाजूला त्याचं नाव छापायचं राहून गेलेल्या थोड्या प्रती बाहेर पडल्या. नाव नसेल तर ते कार्ड लगेच वेगळं काढा. नाव असेल तर ते साधंच कार्ड आहे. तिसरं, १९८९च्या फ्लीअरमधलं ६१६ क्रमांकाचं बिली रिपकेन. त्याच्या बॅटच्या मुठीवर लिहिलेली शिवी छापून गेली आणि कंपनीने ती नंतर निरनिराळ्या तऱ्हांनी झाकली. शिवी दिसते ते कार्ड बऱ्यापैकी सापडतं, पांढऱ्या रंगाने झाकलेलं मात्र क्वचित. चौथं, १९९१चं टॉप्स, कोपऱ्यात सोनेरी वर्खाची ढाल उमटवलेलं. आखाती युद्धाच्या वेळी अमेरिकी सैनिकांसाठी ही पाकिटं तिकडे पाठवली होती. आखातातून आलेल्या सामानात ती असणं अशक्य नाही. पण साध्या कार्डावर मागाहून खोटा वर्ख चढवण्याचे प्रकार फार झाले आहेत, त्यामुळे तपासून घेतल्याशिवाय त्याची किंमत धरू नका.

न फोडलेली पाकिटं तशीच ठेवा. सुट्या कार्डांपेक्षा त्यांना थोडी अधिक मागणी असते. टॉप्सच्या मेणकागदाच्या पाकिटात बबलगमची पट्टी असे, आणि तिला लागून असलेल्या कार्डावर हमखास डाग पडलेला असतो. म्हणजे आत चांगला खेळाडू निघाला तरी तेच कार्ड डागाळलेलं असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : एका विक्रेत्याने १९५२ सालचं मिकी मँटलचं कार्ड आठ हजार रुपयांना देऊ केलं आहे. फोटो पाठवला आहे, कार्ड अगदी नवं कोरं दिसतं. घ्यावं का? आणि या एका कार्डाचा एवढा बोलबाला का? – एक वाचक, देवगड

उत्तर : घेऊ नका. १९५२च्या टॉप्स संचातलं ३११ क्रमांकाचं मँटल दुमडलेलं, फाटकं असलं तरी हजारो डॉलरना जातं. नवं कोरं दिसणारं आठ हजार रुपयांत मिळतंय, याचा अर्थ ते पुनर्मुद्रण आहे किंवा सरळ नक्कल आहे.

हातात घेऊन तपासायची वेळ आलीच तर आधी मोजपट्टी लावा. १९५२चं अस्सल टॉप्स कार्ड आजच्या कार्डापेक्षा मोठं असतं : रुंदी सुमारे ६६.७ मिलिमीटर, उंची सुमारे ९५ मिलिमीटर. टॉप्सने स्वतःच १९८३मध्ये हा संच पुन्हा छापला, पण तो आजच्या मापात, म्हणजे ६३.५ बाय ८९ मिलिमीटर, आणि मागे पुनर्मुद्रण असल्याचं छापून. ती ओळ खरवडून, पुठ्ठा मळवून विकणारे आहेत. खरवडलेली जागा तिरप्या उजेडात खडबडीत दिसते.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जुन्या छपाईत चित्राचे रंग ठिपक्यांनी बनलेले असतात, पण अक्षरं आणि रेघा सलग शाईच्या असतात. स्कॅन करून काढलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात. कार्ड खरं की खोटं यावर वाद असेल तर बहुतेक वेळा इथेच तो मिटतो.

तिसरी कसोटी महायुद्धाआधीच्या कार्डांना लावायची. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात कार्डावर धरा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आली. १९१० सालचं म्हणून दाखवलेलं कार्ड निळसर चमकलं तर त्याचा कागद त्या काळचा नाही.

आता बोलबाल्याबद्दल. मँटलचं पहिलं कार्ड हे नाहीच. ते १९५१चं बोमन कंपनीचं. शिवाय छपाईच्या तक्त्यावर ३११ क्रमांकाचं कार्ड दोन वेळा बसवलेलं होतं, म्हणजे त्याच मालिकेतल्या बहुतेक कार्डांपेक्षा ते दुप्पट छापलं गेलं. पण संचाची ही शेवटची मालिका हंगाम संपताना दुकानांत आली आणि खपली नाही. टॉप्सचे साय बर्जर यांनी सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे १९६०मध्ये उरलेली खोकी बार्जवर लादून अटलांटिक समुद्रात बुडवली गेली. एकीकडे साठा असा संपला, दुसरीकडे न्यूयॉर्क यँकीजचा हा खेळाडू एका अख्ख्या पिढीचा लाडका होता. ऑगस्ट २०२२मध्ये याच कार्डाची दहापैकी ९.५ दर्जाची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना गेली.

होनस वॅग्नर या जुन्या काळच्या बेसबॉलपटूची गोष्ट उलट्या बाजूने तीच. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या आणि संग्राहक टी-२०६ म्हणून ओळखतात त्या मालिकेतलं त्याचं कार्ड लवकरच छपाईतून काढलं गेलं. त्याला तंबाखूशी नाव जोडायचं नव्हतं असं काही सांगतात, पैशांवरून बिनसलं असं काही. साठाच्या आसपासच प्रती माहीत आहेत. त्यामुळे दहापैकी दोन दर्जाची, कोपरे झिजलेली प्रतसुद्धा २०२२मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. उरलेल्या प्रती इतक्या कमी असल्या की अवस्थेचं महत्त्व मागे पडतं. हा अपवाद आहे. सामान्य कार्डाला ही सवलत कोणी देत नाही.

प्रश्न : ग्रेडिंग म्हणजे नेमकं काय बघतात? घरी अंदाज घेता येतो का? कार्ड अमेरिकेला पाठवणं परवडतं का? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : चार गोष्टी बघतात : छपाई मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. पीएसए, बेकेट, एसजीसी, सीजीसी या मुख्य कंपन्या. त्या कार्ड तपासून एक ते दहा गुण देतात आणि टणक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करतात.

अंदाज घरी नक्की घेता येतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. पावडर लावू नका, ती कार्डाला चिकटते. मे महिन्यात दुपारी हे काम काढू नका. कपाळावरचा घामाचा एक थेंब चकचकीत कार्डावर कायमचा वण ठेवतो. सकाळी लवकर, पंखा बंद करून, काळ्या कापडावर बसा.

मध्य मोजायला चित्राच्या डाव्या-उजव्या पांढऱ्या चौकटी मोजा. समजा डावी ३ मिलिमीटर आणि उजवी २ मिलिमीटर. बेरीज ५, म्हणजे ६०/४०. डावी २.५ आणि उजवी २.१ असेल तर साधारण ५४/४६. वर-खाली तसंच मोजा. दोन्हींपैकी जे वाईट तेच धरायचं. दहा गुणांसाठी पुढच्या बाजूला साधारण ५५/४५ पर्यंतच चालतं, मागच्या बाजूला ७५/२५ पर्यंत. बहुतेक ‘नवी कोरी’ कार्डं इथेच अडतात, कारण कापणीतला हा दोष कारखान्यातूनच येतो. आपण कितीही जपलं तरी तो सुधारत नाही.

कोपरे भिंगाखाली बघा. गडद रंगाच्या कडेवर पांढरा कण दिसला की नऊच्या खाली गेलात असं समजा. मग कार्ड दिव्याखाली तिरपं धरून हळूहळू फिरवा. ओरखडे, बोटांचे ठसे, रोलरच्या रेघा सरळ उजेडात दिसत नाहीत, तिरप्यात दिसतात. १९९३च्या एसपी संचातलं डेरेक जेटरचं कार्ड याचं चांगलं उदाहरण. प्रती हजारोंनी आहेत, पण वर्खाच्या कडेचे पाकिटातच टवके उडतात, म्हणून दहा गुणांची प्रत अगदी विरळा, आणि नऊ व दहा यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

एक कळकळीची विनंती : काही ‘सुधारू’ नका. झिजलेली कड कात्रीने सरळ करणं, पांढरा कोपरा पेनने रंगवणं, दुमड इस्त्रीने दाबणं, हे सगळं तपासणीत सापडतं. मग गुणांऐवजी ‘फेरफार केलेलं’ असा शेरा पडतो, आणि तो शेरा झिजलेल्या कोपऱ्यापेक्षा फार महागात पडतो.

परवडण्याचा हिशोब असा करा. तपासणीचं शुल्क कार्डामागे २५ डॉलर आणि जाण्या-येण्याच्या टपालाचा व विम्याचा वाटा १५ डॉलर धरा, म्हणजे ४० डॉलर. आपलं कार्ड तपासणीविना २० डॉलरना जातं, नऊ गुणांना ३० आणि दहाला १२०, असं समजू. नऊ मिळाले तर आपण तोट्यात. म्हणून दहाची आशा धरून पाठवू नका. नऊ गुण मिळाले तरी खर्च भरून निघत असेल तरच पाठवा. कार्ड आधी मऊ पातळ पेनी स्लीव्हमध्ये, मग अर्धवट लवचिक धारकात घाला. टॉपलोडर या टणक धारकातून कार्ड काढताना कोपरा दुखावतो, म्हणून कंपन्या लवचिक धारक मागतात. धारक दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, घट्ट आवळू नका. साधी चिकटपट्टी लावू नका. रंगारी वापरतात ती कागदी पट्टी घ्या, ती निघताना डिंक सोडत नाही.

प्रश्न : विकताना भाव कुठे बघायचा? एकाच कार्डाला कोणी पाच डॉलर सांगतो, कोणी पाचशे. – एक वाचक, दापोली

उत्तर : सांगितलेला भाव बघूच नका, झालेला सौदा बघा. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ असा गाळणीचा पर्याय आहे. तो लावून त्याच वर्षाचं, त्याच क्रमांकाचं, त्याच गुणांचं कार्ड शोधा आणि गेल्या तीन महिन्यांतले पाच-सहा सौदे घ्या. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा सोडून मधला भाव धरा. विक्रीमंचाचं शुल्क आणि टपाल त्यातून वजा करा. त्याबरोबर पीएसएची संख्यासूचीही बघा. कोणत्या कार्डाला किती गुण किती वेळा दिले ते तिच्यात मोफत दिसतं.

हंगामाचाही फरक पडतो. मार्चअखेर खेळ सुरू होतो तेव्हा मागणी चढते, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उतरते. घ्यायचं असेल तर थंडीत घ्या.

प्रश्न : नवीन कार्डांत सोनेरी, लाल, नक्षीची, सहीची, कापडाचा तुकडा लावलेली असे नाना प्रकार दिसतात. यातलं काय धरून ठेवण्यासारखं? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : आजच्या कंपन्या दुर्मीळपणा ठरवून निर्माण करतात. तेच चित्र वेगवेगळ्या रंगांत छापतात आणि प्रत्येक रंगाच्या प्रती मर्यादित ठेवतात. कार्डावर १७/५० असं छापलेलं असेल तर त्या रंगाच्या पन्नासच प्रती आहेत आणि ही सतरावी. १/१ म्हणजे एकच. प्रकाशात इंद्रधनुषी झळकणारी रिफ्रॅक्टर कार्डं १९९३च्या टॉप्स फायनेस्टपासून सुरू झाली.

पण पन्नासच प्रती आहेत म्हणून पन्नास गिऱ्हाइकं असतीलच असं नाही. साध्या खेळाडूचं पाचातलं एक कार्ड नामवंत खेळाडूच्या पाचशेतल्या एका कार्डापेक्षा स्वस्त जातं. आधी खेळाडू बघा, मग वर्ष, मग आकडा. वर्षात सर्वांत मोलाचं पदार्पणाचं. २००६पासून अशा कार्डावर ‘आरसी’ (RC, म्हणजे रुकी कार्ड) अशी खूण असते. शोहेई ओतानीची २०१८ची कार्डं आणि माइक ट्राउटचं २०११च्या टॉप्स अपडेटमधलं यूएस१७५ ही त्यातली ठळक. बोमन हे आता टॉप्सचंच एक नाव; त्या नावाने तर खेळाडू मुख्य लीगमध्ये येण्याआधीच त्याचं कार्ड निघतं. ट्राउटचं २००९चं बोमन क्रोम, सहीचं आणि १/१, ऑगस्ट २०२०मध्ये ३९ लाख डॉलरच्या वर गेलं.

गोलंदाजापेक्षा, म्हणजे पिचरपेक्षा, फलंदाजाचं कार्ड साधारणपणे टिकाऊ. पिचरचा खांदा किंवा कोपर एकदा गेला की दोन हंगाम जातात आणि मागणीही जाते.

सहीत दोन भेद आहेत. थेट कार्डावर केलेली सही वरची. पारदर्शक चिकटपट्टीवर सही घेऊन ती मागाहून डकवलेली असेल तर कमी. कापडाच्या तुकड्याच्या कार्डाची मागची बारीक अक्षरं वाचाच. अमुक सामन्यात वापरलेलं कापड असं लिहिलं असेल तर ठीक. ‘कोणत्याही विशिष्ट सामन्याशी संबंधित नाही’ असं असेल तर तो नुसता कापडाचा तुकडा आहे, त्याला किंमत देऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात कार्डं वाकतात, एकमेकांना चिकटतात. डांबर गोळ्या ठेवल्या तर चालेल का? – एक वाचक, मालवण

उत्तर : डांबर गोळ्या मुळीच नकोत. त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते, आणि वास पुठ्ठ्यात मुरतो तो जात नाही.

आपला खरा शत्रू हवेतली ओल. कार्डांना ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती ८५च्या वर असते. चकचकीत क्रोम कार्डाच्या एका बाजूला प्लॅस्टिकचा थर, दुसऱ्या बाजूला कागद. कागद ओल पिऊन फुगतो, थर फुगत नाही, म्हणून कार्ड धनुष्यासारखं वाकतं. १९९०च्या दशकातली दोन्ही बाजूंना चकाकी असलेली कार्डं, विशेषतः टॉप्सची ‘स्टेडियम क्लब’, दमट हवेत दाबाखाली एकमेकांना चिकटून अख्खी वीट होतात. कार्डांची जागा जांभ्याच्या भिंतीला टेकून नको. भिंत ओल ओढते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा. माळाही नको, मेमध्ये कौलांखाली फार तापतं.

प्रत्येक कार्ड पेनी स्लीव्हमध्ये, चांगली कार्डं त्यावर ३५ पॉइंट जाडीच्या कार्डासाठीच्या टॉपलोडरमध्ये. मऊ पीव्हीसीचे जुने अल्बम टाकून द्या. ते तेलकट द्रव सोडतात. नंतर रबरी कड असलेला हवाबंद डबा आणि आत छोटा आर्द्रतामापक.

सिलिका जेलच्या बाबतीत बहुतेकांचा अंदाज चुकतो. हजार कार्डांचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास भरतं, आणि पावसाळ्यात त्या पुठ्ठ्याने शंभर ग्रॅमहून अधिक पाणी जास्तीचं धरलेलं असू शकतं. जेल साधारण स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा पाणी घेतं. म्हणजे बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काहीच होत नाही. हजार कार्डांना सुरुवातीला अर्धा किलो जेल लागेल. त्याहून बरं म्हणजे डबा माघ-फाल्गुनात, हवा कोरडी असताना बंद करा. जुलैत बंद केलात तर जुलैची हवाच आत कोंडाल. त्यानंतर शंभर-दीडशे ग्रॅम पुरतं. रंग बदलला की जेल १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं, म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. मापक ३५च्या खाली गेला तर थोडं जेल काढा. फार कोरड्यात क्रोम कार्डं उलट्या बाजूला वाकतात.

ग्रेडिंगची पेटी हवाबंद असते हा गैरसमज आहे. तीही याच डब्यात ठेवा. कसर आणि झुरळं डब्यात शिरत नाहीत, हा आणखी एक फायदा.

प्रश्न : २२ जुलै २०२१च्या पुरात आमच्या घरात पाणी भरलं. मुलाच्या कार्डांचा गठ्ठा भिजून चिकटला, तो तसाच ठेवला आहे. सोडवता येईल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : चकचकीत कार्डं असतील तर गठ्ठा ओढून सोडवू नका; एका कार्डाची चकाकी दुसऱ्यावर निघून येते. गठ्ठा दोन्ही हातांत धरून अगदी थोडा पुढे-मागे वाकवा. टिकटिक आवाज होऊन काही कार्डं सुटतात. जी सुटत नाहीत ती सोडून द्या. चकाकी नसलेला साधा जुना पुठ्ठा असेल तर उकळून गाळलेलं नव्हे, बॅटरीसाठी मिळतं ते शुद्ध पाणी थाळीत घेऊन त्यात बुडवा. कार्डं आपोआप सुटू द्या, मग टिपकागदांमध्ये ठेवून वर वजन द्या. टिपकागद पहिल्या दिवशी तीन-चार वेळा बदला. आपल्या हवेत पूर्ण वाळायला आठवडा लागतो. उन्हात ठेवू नका. पुराच्या गाळात बुरशी असते, तेव्हा तोंडावर मास्क हवा आणि हे खोकं इतर संग्रहापासून दूर हवं.

बाजारभाव मात्र गेला. पाण्याचा डाग असलेलं कार्ड एक-दोन गुणांच्या वर जात नाही. मुलाची आठवण म्हणून सोडवायची असतील तर जरूर सोडवा.

पुन्हा असा प्रसंग आला तर दोन दिवसांत बुरशी धरते हे लक्षात ठेवा. वेळ नसेल तर ओली कार्डं झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. तिथे बिघाड थांबतो आणि सवडीने काम करता येतं.

प्रश्न : नव्वदच्या दशकात बबलगमसोबत मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांना असाच भाव येईल का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : ती चित्रं धड अवस्थेत फार कमी उरली आहेत, हे खरं. पण हवी असणारेही थोडेच आहेत आणि नियमित सौदे होत नाहीत, त्यामुळे भाव म्हणावा असा भावच तयार झालेला नाही. सचिन तेंडुलकरची चांगली प्रत असेल तर स्लीव्हमध्ये घालून ठेवा. बाकीची हौस म्हणून जपा.

प्रश्न : घरात जुना दशावतारी गंजिफा आहे, लाकडी पेटीसकट. १२० पैकी ११७ पानं आहेत. एकेक पान विकलं तर जास्त पैसे येतील असं एकाने सुचवलं. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : एकेक विकू नका. बेसबॉल कार्डाचा सौदा सुट्या कार्डाचा असतो, गंजिफ्याचा अख्ख्या संचाचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा आकडी पानं. तीन पानं कमी असली तरी एकाच हाताने रंगवलेला, मूळ पेटीतला ११७ पानांचा संच ही दुर्मीळ गोष्ट आहे. तो फोडलात की त्याची ओळखच जाते. कोणती तीन पानं नाहीत ते आधी नोंदवून ठेवा. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. ओल्या फडक्याने पुसू नका. लाखेच्या थराला भेग असली तर पाणी आतल्या कागदात जातं. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकली की पुरे.

संच शंभर वर्षांहून जुना ठरला तर १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक मोठा आकडा सांगत असेल तर हे त्याला आधीच कळवा. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा आजही हाताने रंगवला जातो. हरवलेली तीन पानं तिथल्या कारागिरांकडून करून घेता येतील का, ते विचारा. करून घेतलीत तर त्या तीन पानांच्या पाठीवर, कडेला, बारीक अक्षरांत नवं साल घालून घ्या आणि ती वेगळ्या कागदात गुंडाळून त्याच पेटीत ठेवा.